‘दिसणार नाहीं’

माणसाच्या नीतीची परीक्षा कोणत्या प्रसंगीं होते, या प्रश्नाचा ऊहापोह करतांना तत्त्वज्ञ बहुधा मोठमोठीं उदाहरणें घेतात. राज्य, प्राण, प्रतिज्ञा यांहून हलकी वस्तु त्यांच्या तराजूंत सहसा पडत नाहीं. ज्या प्रसंगानें मला या विषयाचा विचार करावयास लावलें तो मात्र अगदींच क्षुल्लक आहे. आमच्या घराच्या भिंतींना तीन तीन इंचांचीं पांच चौकोनी भोंकें पाडावयाचीं होतीं, एवढाच तो प्रसंग.

घर पुण्यांतलें; आजोबांनीं १९३६ सालीं बांधलेलें. भिंती विटांच्या, सांधे चुन्याचे आणि वरचा गिलावाही चुन्याचाच. त्या काळीं गिलाव्याचा चुना म्हणजे पिशवी फोडून पाण्यांत कालविण्याची वस्तु नव्हती. चुनकळी विझवून ठेवावयाची, मग तो चुना वाळूसह घाणींत दळावयाचा. वर्तुळाकार चर, त्यांत दगडी चाक आणि तें ओढणारा बैल, हा देखावा वडिलांनीं लहानपणीं पाहिला होता, आणि त्याचें वर्णन करतांना ते त्या चाकाच्या आवाजाची नक्कलही करीत. असा चुना भिंतीवर चढल्यावर हवेंतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हां चुनखडीचें रूप धारण करूं लागतो. ही क्रिया दिवसांची नव्हे, वर्षांची आहे. आमच्या कुटुंबांतलीं माणसें म्हातारीं होत गेलीं तसतशी भिंत मात्र दगड होत गेली.

या दगडाचा उपद्रव २०२० सालच्या टाळेबंदींत प्रथम जाणवला. एका खोलींत मुलाची कचेरी, दुसरींत मुलीचें कॉलेज, तिसरींत माझीं व्याख्यानें. इंटरनेटचें यंत्र बैठकीच्या खोलींत. त्याच्या बिनतारी लहरी पहिली भिंत कशीबशी ओलांडीत आणि दुसऱ्या भिंतीपाशीं प्राण सोडीत. कांट समजावून सांगतां सांगतां माझा चेहरा पडद्यावर गोठून राही. विद्यार्थ्यांना त्यांत नेहमींपेक्षां फारसा फरक जाणवत नसे, असें पुढें त्यांच्यापैकींच एकानें मला सांगितलें. ‘दारं उघडी ठेवून बसा, म्हणजे येईल,’ हा आईचा उपाय होता, आणि शास्त्रदृष्ट्या तो चुकीचाही नव्हता. पण दारें बंद करतां यावींत म्हणूनच तर हा सारा खटाटोप! टाळेबंदी संपली, तरी मुलाची कचेरी घरांतून हालली नाहीं. शेवटीं २०२३ च्या मे महिन्यांत प्रत्येक खोलीपर्यंत तार नेऊन भिंतींत तिचें तोंड बसवावें, असें ठरलें.

हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. जुना गिलावा विटेला सगळीकडे सारखा चिकटलेला नसतो. बोटाच्या पेरानें ठोकून पाहिलें तर कोठें भरीव आवाज येतो, कोठें पोकळ. पोकळ जागीं हातोडीचा घाव बसला तर तीन इंचांच्या भोंकासाठीं हातभर पापुद्रा खालीं येतो. म्हणून चांगला कारागीर आधीं भिंत वाजवून पाहतो, पाणसळ लावून पेन्सिलीनें चौकट आंखतो, तिच्या कडेनें कागदी चिकटपट्टी लावतो आणि टोंकदार सुरीनें रेघ खोल करून घेतो. म्हणजे गिलावा फुटेल तो रेघेपर्यंतच फुटतो. मग कापणें. हल्लीं त्यासाठीं विजेवर फिरणारें गोल पातें असतें. त्यानें सरळ रेघ झपाट्यानें कापली जाते. पण गोल पात्याचा एक स्वभावदोष आहे. कोपऱ्यापर्यंत पुरतें खोल कापावयाचें, तर पृष्ठभागावर तें कोपऱ्याच्या पलीकडे गेलेंच पाहिजे. त्यामुळें चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर रेघा एकमेकींना ओलांडतात आणि फुल्या उमटतात. त्या टाळावयाच्या असतील तर पातें कोपऱ्याच्या अलीकडेच थांबवावें लागतें आणि उरलेला भाग छन्नीनें, हलक्या हातानें, थोडा थोडा काढावा लागतो. एका कोपऱ्याला दहा मिनिटें धरा. चार कोपऱ्यांचीं चाळीस.

पहिल्या दिवशीं ठेकेदारानें पाठविलेला मुलगा पंचविशीच्या आंतला, चपळ आणि हंसतमुख होता. त्यानें कोपऱ्यांचीं चाळीस मिनिटें सोडाच, सगळें भोंक वीस मिनिटांत पाडलें. खोलीभर पांढरी धूळ झाली. आणि ती खालीं बसल्यावर पाहतों तों चारही कोपऱ्यांना फुल्या, आणि उजव्या अंगाला गिलाव्यांत वीतभर भेग. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणाला, ‘वर प्लेट येते ना सर. दिसणार नाहीं.’

भेग सोडली तर त्याचें म्हणणें खरें होतें. आंत बसवावयाची लोखंडी डबी तीन इंचांची, आणि तिच्यावरचें प्लास्टिकचें झांकण तिच्याहून चहूं बाजूंस जरा मोठें. भोंक पाडणाऱ्याचा हात थोडाफार चुकणार, हें गृहीत धरूनच झांकणाचा कांठ रुंद केलेला असतो. इतकी उदार क्षमा मला धर्मग्रंथांतही क्वचितच आढळली आहे. परंतु मी शिक्षक पडलों. मीं त्या मुलाला कर्तव्याविषयीं पांच-सात मिनिटांचें भाषण ऐकविलें. काम दिसो वा न दिसो, तें नीट करण्यांतच माणसाचें माणूसपण आहे, दुसरें कोणी पाहत नसलें तरी आपलें मन आपणांस पाहत असतें, इत्यादि. हें भाषण वाचकांस येथें सांगण्याची गरज नाहीं; तें आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेलें आणि पुढें स्वतः दिलेलें असतें. मुलानें तें शांतपणें ऐकून घेतलें, हातांतलें यंत्र खालीं ठेवलें आणि विचारलें, ‘सर, तुम्ही आमच्या शेठला पॉइंटमागं पैसे देताय कीं दिवसामागं?’

पॉइंटमागें, हें त्यालाही ठाऊक होतें आणि मलाही. मी कांहीं बोललों नाहीं. त्याच्या प्रश्नाकडे मी पुढें वळणार आहें. तत्पूर्वीं त्याच्या त्या दोन शब्दांविषयीं.

‘दिसणार नाहीं’ हा पेंच फार जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत ग्लॉकन एका लिडियन मेंढपाळाची कथा सांगतो. भूकंपानें पडलेल्या विवरांत त्याला एक अंगठी सांपडते. तिचा खडा आंतल्या बाजूला फिरविला कीं तो अदृश्य होतो. मग तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ग्लॉकनचा प्रश्न असा, कीं अशी अंगठी न्यायी माणसाच्या बोटांत घातली तर तो तरी न्यायी राहील काय? याचें उत्तर देण्यासाठीं प्लेटोला जवळजवळ सारा उरलेला ग्रंथ खर्चीं घालावा लागला. कथेंतला मेंढपाळ स्वतः अदृश्य होतो. आमच्या व्यवहारांत कारागीर डोळ्यांसमोर असतो, अदृश्य होतें तें त्याचें काम. अदृश्य होऊन राज्य घेण्याचा मोह आपणांपैकीं फारशा कोणाला होणार नाहीं, पण फुलीवर झांकण बसविण्याची संधि रोज येते.

झांकण हें स्वतः दोषी आहे, असें मात्र मी म्हणणार नाहीं. रस्किननें वास्तुकलेवरील आपल्या १८४९ सालच्या ग्रंथांत या बाबतींत बारीक विवेक केला आहे. विटांवर गिलावा करून त्यावर दगडाचे सांधे रेखाटणें हें त्याच्या मतें असत्य. साधी सफेदी करणें असत्य नव्हे, कारण आपल्याखालीं काय आहे याविषयीं सफेदी कांहीं दावाच करीत नाहीं. प्लास्टिकचें झांकणही कांहीं दावा करीत नाहीं. दावा करतो तो त्याच्यावर विसंबणारा.

मग न दिसणारें काम नीट कां करावयाचें? आमच्या आजीचें उत्तर ठरलेलें होतें: देव पाहतो. हें उत्तर मी हंसण्यावारी नेणार नाहीं; त्यानें पुष्कळ भिंती सरळ ठेविल्या आहेत. पण त्यांत एक गोम आहे. देव पाहतो असें म्हटलें कीं ‘दिसणार नाहीं’ हें विधानच खोटें ठरतें. प्रश्न सुटत नाहीं, तो उठवून लावला जातो. कांटचें उत्तर अधिक करडें आहे. १७८५ सालच्या आपल्या प्रबंधांत त्यानें एका दुकानदाराचें उदाहरण घेतलें आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाईकाकडूनही वाजवी दामच घेतो. परंतु दुकानाची पत राहावी म्हणून तो तसें करीत असेल तर त्या कृतीला नैतिक मोल नाहीं. तसें करणें कर्तव्य आहे म्हणून करील तरच आहे. या कसोटीनें झांकणाखालचा कोपरा हें नीतीचें आदर्श क्षेत्रच ठरेल, कारण तेथें पत नाहीं, स्तुति नाहीं, कांहीं नाहीं. गीतेंतील फलाशा सोडून करावयाचें कर्मही याच कोपऱ्यांत आणून बसवितां येईल. मीं जवळजवळ तीस वर्षें हें शिकविलें आहे आणि तें खोटें आहे असें मला आजही वाटत नाहीं. तथापि त्या दिवशीं संध्याकाळीं भेगेसमोर खुर्ची टाकून बसलों असतां या उत्तरांतलें एक उणें प्रथमच लक्षांत आलें. तीं सारीं उत्तरें कर्त्याविषयीं बोलतात. कर्त्याचें मन निर्मळ राहिलें कीं नाहीं, एवढाच त्यांचा विषय. भिंत त्यांच्या हिशेबांत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ठेकेदारानें त्या मुलाबरोबर एका वयस्क मिस्त्रींना पाठविलें. माझी नाराजी त्याच्या कानांवर गेली असावी. मिस्त्री साठीच्या पुढचे होते. त्यांनीं आईला खाटेवर चादर टाकावयास सांगितलें, भिंत तीन-चार ठिकाणीं वाजवून पाहिली आणि आंखलेली चौकट दोन बोटें डावीकडे सरकविली. मग मुलाला पात्यानें फक्त मधल्या रेघा कापूं दिल्या आणि कोपरे स्वतः हातीं घेतले. तासाभरानें त्यांच्या छन्नीचा आवाज एकाएकीं बदलला. विटेच्या जागीं लांकूड लागलें होतें.

१९३६ च्या सुमारास विजेच्या तारा लांकडी पट्ट्यांतून भिंतीवरून नेत, आणि त्या पट्ट्यांचे स्क्रू पकडले जावेत म्हणून भिंतींत ठराविक अंतरावर लांकडी ठोकळे पुरून ठेवीत. आमच्या घरांतल्या पट्ट्या माझ्या जन्माच्या आसपास निघाल्या. ठोकळे रंगाखालीं राहिले. हा ठोकळा बाहेरून जेमतेम दीड इंचाचा दिसत होता. मिस्त्रींनीं तो उपटावयास पाहिलें; हालेना. भोंवतालचा चुना कोरल्यावर कारण कळलें. बाहेरच्या तोंडाला अरुंद आणि आंतल्या तोंडाला रुंद असा तो निमुळता तासलेला होता, म्हणजे स्क्रूनें कितीही ओढलें तरी भिंतींतून सुटूं नये. ज्यानें तो बसविला त्याला ठाऊक होतें कीं हें रुंद टोंक आतां कोणाच्याही दृष्टीस पडावयाचें नाहीं. वर गिलावा येणार, पट्टी येणार, रंग येणार. सत्त्याऐंशी वर्षांनीं तें तीन माणसांनीं वांकून पाहिलें.

मला येथें पुन्हां उपदेशाची उबळ आली होती. तेवढ्यांत मिस्त्री कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, ‘नीट बसवलंय हो. म्हणून तर आपल्याला ताप.’ आणि खरोखरच तो काढावयास त्यांना आणखी पाऊण तास लागला. वाईट बसविला असता तर बोटानें निघाला असता!

परंतु त्या ठोकळ्यानें मला एक गोष्ट दाखविली. ‘दिसणार नाहीं’ हें वाक्य अपुरें आहे; त्यांत चतुर्थी गाळलेली आहे. कोणाला दिसणार नाहीं? जो आज पैसे मोजतो त्याला. जो पुढें भिंत उघडील त्याला दिसणारच. हा पुढचा माणूस देव नव्हे आणि माझें मनही नव्हे. तो एक तिऱ्हाईत, बहुधा त्याच धंद्यांतला, अद्याप जन्मासही न आलेला असा कोणी असेल. आणि त्याचा माझ्या कामावर कांहीं हक्क पोंचतो. शिवाय भिंत उघडेपर्यंत सारेंच झांकलेलें राहतें असेंही नाहीं. या तारेंत तांब्याच्या आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. बाहेरच्या विद्युतलहरींचा आणि शेजारच्या जोडीचा त्रास होऊं नये म्हणून तो पीळ. तोंड बसवितांना तो अर्ध्या इंचाहून अधिक उलगडूं नये असा नियम आहे. घाईंत असलेला माणूस सोयीसाठीं दोन इंच उलगडतो. दिवा लागतो, संदेश जातो, झांकण बसतें. पण वेग मंदावतो, मधूनच खंड पडतो, आणि घरमालक इंटरनेट पुरविणाऱ्याला शिव्या देत बसतो. दोष कोठें आहे तें त्याला दिसत नाहीं. तो दोष भोगतो मात्र रोज.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. न दिसणारें काम नीट करणें म्हणजे तें सुबक करणें नव्हे. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखालची खडकाची भिंत छन्नीच्या घावांनीं खडबडीत ठेविलेली आहे. ज्या हातांनीं तेथील स्तंभ आणि मूर्ति घडविल्या त्यांना भिंत गुळगुळीत करतां आली नसती असें नाहीं. पण गुळगुळीत खडकानें माती, भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतु यांचा गिलावा धरून ठेविला नसता. मिस्त्रींच्या भोंकाचीही कड रेखीव होती, पण पोट त्यांनीं मुद्दाम ओबडधोबड ठेविलें आणि डबी बसविण्यापूर्वीं तें पाण्यानें भिजवून घेतलें. डोळ्याला हवें तें कडेला, चुन्याला हवें तें आंत.

माझा एक भाचा अमेरिकेंत, बोस्टनजवळ, शंभर वर्षांच्या जुन्या लांकडी घरांत राहतो. त्यानेंही गेल्या कांहीं वर्षांत हाच उद्योग केला. जिप्समच्या तयार फळ्यांचा सर्वत्र प्रसार होण्यापूर्वीं, म्हणजे साधारणतः दुसऱ्या महायुद्धापर्यंत, तिकडच्या भिंती निराळ्या रीतीनें करीत. उभ्या वाशांवर चिंचोळ्या फटी ठेवून पातळ आडव्या पट्ट्या ठोकावयाच्या आणि त्यांवर गिलावा दाबून लिंपावयाचा. दाबलेला गिलावा फटींतून पलीकडे जातो आणि पट्ट्यांच्या मागें गांठीसारखा वळून तेथेंच वाळतो. सारी भिंत या न दिसणाऱ्या गांठींनीं धरून ठेविलेली असते. करवत जोरानें चालविली कीं पट्टी थरथरते, गांठी तुटतात, आणि भोंक कितीही सुरेख दिसलें तरी भोंवतालचा गिलावा निराधार होतो. म्हणून जाणता माणूस आधीं बारीक छिद्र पाडून पट्टी कोठें आहे तें पाहतो, मधली एकच पट्टी पुरती कापतो आणि वरच्या-खालच्या पट्ट्यांना नुसती खांच घेतो, म्हणजे डबीचे स्क्रू धरावयास त्या शिल्लक राहतात. तिकडे मजुरी इतकी महाग कीं भाच्यानें चारही भोंकें स्वतःच पाडलीं. येथें मालक, कारागीर आणि पाहणारा एकच. तरी, तो सांगत होता, दुसऱ्या भोंकाच्या वेळीं हात भरून आल्यावर त्याच्या मनांत चक्क मराठींत आलें: ‘जाऊं दे, झांकण येईल.’ तेव्हां सारा दोष मजुरीच्या पद्धतीचाच आहे, असें म्हणण्याचीही सोय नाहीं.

तथापि मुलाचा प्रश्न मला टाळतां येणार नाहीं. पॉइंटमागें ठरलेला दर वीस मिनिटांच्या भोंकाला आणि तासाच्या भोंकाला एकच असतो. म्हणजे नीट काम करणारा माणूस दर भोंकामागें आपलीं चाळीस मिनिटें मला दान देतो. मी महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा, आजोबांच्या घरांत राहणारा. तो आज येथें, उद्यां काम मिळेल तेथें. त्यानें मला दान द्यावें, आणि दिलें नाहीं म्हणून मीं त्याला नीतिशास्त्र ऐकवावें, ही रीत विचित्र खरी. हें काम देतांना मीं तीन ठेकेदारांचे भाव मागविले होते आणि सर्वांत कमी भाव पत्करला होता. तेव्हां मला माझ्या व्यवहारचातुर्याचें थोडें कौतुकही वाटलें होतें. कमी भाव कोठून निघतो, हें मीं विचारलें नव्हतें. तो कोपऱ्यांतून निघतो.

आणि हें मला इतरांहून लवकर कळावयास हवें होतें, कारण पॉइंटमागें काम मींही केलें आहे. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासण्याचा मेहनताना उत्तरपत्रिकेमागें मिळतो. मुलाचा जन्म १९९७ चा. पैशांची ओढ होती, आणि त्या उन्हाळ्यांत मीं मिळतील तितके गठ्ठे मागून घेतले. पहिल्या गठ्ठ्यांतली ओळन् ओळ मीं वाचली. शेवटच्या गठ्ठ्याच्या वेळीं, रात्रीं अकरानंतर, शेजारीं मूल रडत असतां, पहिलें पान आणि शेवटचें पान वाचावें आणि मधल्या पानांवर तांबड्या खुणा करीत जावें, असा क्रम पडला. गुण दिले ते मध्यम. कोणी नापास होऊं नये आणि कोणी डोळ्यांत भरूं नये, असे. मध्यम गुण हें परीक्षकाचें झांकण आहे. त्या काळीं तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला पाहावयास मिळत नसे. पुढें २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखालीं परीक्षार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला, तेव्हां आमच्या प्राध्यापकांच्या खोलींत बरीच खळबळ उडाली. परीक्षेच्या पावित्र्यावर हा घाला आहे, असें बोलणाऱ्यांत मी होतों. पावित्र्याची एवढी काळजी मलाच कां वाटावी, हें मीं त्या वेळीं स्वतःला विचारलें नाहीं.

त्या शेवटच्या गठ्ठ्यांत चाळीस-पन्नास उत्तरपत्रिका असतील. त्यांतल्या एखाद्यानें मधल्या पानांवर फार चांगलें लिहिलेलें असूं शकेल. कोणीं, तें मला कळण्यास आतां मार्ग नाहीं. त्यांना क्रमांकांखेरीज चेहरे नव्हते, आणि ते कागद केव्हांच रद्दींत गेले. माझ्या सिद्धांताला या ठिकाणीं तडा जातो, हें मीं कबूल केलें पाहिजे. पुढें भिंत उघडणाऱ्याचा आपल्यावर हक्क आहे, असें मीं वर म्हटलें. पण कांहीं भिंती कोणीच उघडीत नाहीं. मग त्या विद्यार्थ्याचा माझ्यावरचा हक्क नाहींसा झाला काय? तसें मला म्हणवत नाहीं. त्याला माझें काम दिसलें नाहीं. त्या कामांतून निघालेला आंकडा घेऊन तो मात्र पुढें नोकरी मागावयास गेला असेल. तेव्हां हक्क पाहण्यामुळें उत्पन्न होतो, ही माझी समजूतच अपुरी होती. आपल्या कामावर ज्याला भिस्त ठेवावी लागते त्याचा तो हक्क. मग तो आज खोलींत राहणारा असो, उद्यां भिंत उघडणारा असो, किंवा कधींच कांहीं न पाहणारा असो. झांकणानें नजर अडते. भिस्त अडत नाहीं.

मी पगारदार होतों, आणि जास्तीचे गठ्ठे मीं आपण होऊन मागितले होते. त्या मुलाला दिवसाकाठीं किती पॉइंट करावयाचे हें दुसरा कोणी ठरवीत होता. आम्हां दोघांना एकाच मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं, आणि मोजलेंच तर माझी फुली मोठी निघेल.

उरलेल्या तीन भोंकांचा हिशेब रोजावर करावा, असें मीं ठेकेदाराला सांगितलें. त्याला त्यांत कांहीं डाव असावा असें वाटलें, पण तो कबूल झाला. काम दोन दिवस लांबलें. चौथें भोंक त्या मुलानें एकट्यानें पाडलें. पातें कोपऱ्याअलीकडे थांबविलें, छन्नी घेतली, आणि शेवटचा कोपरा थोडा उडालाच. तो माझ्याकडे पाहून हंसला. मीही कांहीं बोललों नाहीं.

राहिली पहिली भेग. ती झांकणाच्या बाहेर वीतभर गेलेली आहे, हें मीं वर सांगितलेंच आहे. सिमेंटनें ती एका दिवसांत बुजली असती. पण मिस्त्रींनीं तसें करूं दिलें नाहीं. सिमेंट जुन्या चुन्याहून कठीण, आणि तें भिंतीची ओल बाहेर पडूं देत नाहीं. चार पावसाळ्यांत त्याच्या शेजारचा चुनाच भुगा होऊन गळूं लागतो. मुरविलेला चुना मिळाला कीं आणून देतों, असें म्हणून ते गेले. मधल्या काळासाठीं मीं एक युक्ति काढली. बैठकींतलें आजोबांचें छायाचित्र आणून मीं त्या भेगेवर टांगलें. दोन दिवसांनीं आई त्या खोलींत आली. ‘मामंजींचा फोटो एवढा खालीं कां रे लावलास? टेबलाशीं बसवल्यासारखे दिसतायत.’ मीं खरें कारण सांगितलें. ‘मग चुना लाव कीं,’ ती म्हणाली.

मिस्त्रींनीं चुना आणून दिला तो गणपतीच्या आधल्या आठवड्यांत. तोंपर्यंत चार महिने भेग उघडीच होती, आणि छायाचित्र बैठकींत आपल्या जुन्या खिळ्यावर.